हाडाच्या मॉडेलसाठी फिलामेंट की रेझिन?

खुब्याची वाटी फुटलेल्या रुग्णाची हाड जोडायची धातूची प्लेट आदल्या दिवशीच वाकवून ठेवायची, तर सीटी स्कॅनवरून छापलेलं त्याच्या कटिहाडाचं मॉडेल हातात हवं. वाटीचा चुरा झाला असेल तर चांगली बाजू आरशातल्यासारखी उलटवून (मिरर करून) छापतात. त्यासाठी थ्रीडी प्रिंटर कुठला: प्लास्टिकची तार वितळवून थर रचणारा फिलामेंटचा, की पातळ रेझिन उजेडाने थराथराने घट्ट करणारा रेझिनचा?

दिसायला रेझिन सरस, यात वाद नाही. पण सीटीचे काप 1 मिमीचे असताना 0.05 मिमीचा थर नवीन काय दाखवणार? काप 5 मिमीचे असले तर दोन्हीत सारख्याच पायऱ्या येतात.

रेझिनची खरी कटकट छपाईनंतर सुरू होते. रेझिन वाचावं म्हणून मॉडेल पोकळ करतात आणि आतलं रेझिन निघायला भोकं ठेवतात. भोकं लहान किंवा एकच असलं की धुवायचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आत फिरत नाही आणि रेझिन पक्कं करणारा यूव्हीचा उजेडही पोचत नाही. बाहेरून टणक, आत कच्चं रेझिन. काही दिवसांनी ते चिकट पाझरतं, कधी मॉडेलच तडकतं. दोन टोकांना 4-5 मिमीची दोन भोकं ठेवा, आतून दोनदा धुवा, मग हे बरंचसं टळतं. शिवाय नायट्राइलचे हातमोजे, खेळती हवा, आणि वापरलेलं अल्कोहोल बेसिनमध्ये ओतायचं नाही. हॉस्पिटलात हे काम कुणाच्याच ड्यूटीत बसत नाही, तिथेच गाडी अडते.

फिलामेंटचेही नखरे आहेतच. प्लेट बसणाऱ्या बाजूला सपोर्ट (छापताना खालून दिलेला तात्पुरता आधार) आला तर तो काढताना पृष्ठभाग खरबरीत होतो आणि प्लेट डुगडुगते. म्हणून ती बाजू वर ठेवून छापा. बाहेर तीन भिंती, आत 15 टक्के इनफिल म्हणजे भरण पुरे. इलियमच्या, म्हणजे कटिहाडाच्या वरच्या पंखाच्या, पातळ पत्र्यात भोकं दिसली तर दोष प्रिंटरचा नव्हे, सीटीत किती घनतेपासून हाड धरायचं तो थ्रेशोल्ड थोडा खाली आणा. पावसाळ्यात रीळ सिलिका जेलसह घट्ट डब्यात, नाहीतर दमट फिलामेंटमुळे छापताना बारीक तारा सुटतात. मॉडेलवर ड्रिल हळू फिरवा, पीएलए (फिलामेंटचं नेहमीचं प्लास्टिक) वितळून बिटला गुंडाळतं.

पीएलए 60 अंशांच्या आसपास मऊ पडतं, त्यामुळे ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात) फक्त प्लेट जाते. टेबलावर मॉडेल हवंच असेल तर निर्जंतुक पारदर्शक पिशवीत.

नुसत्या मॉडेलसाठी माझा कल फिलामेंटकडे. जबड्याचं काम किंवा जखमेत टेकणारा ड्रिल गाइड (ड्रिलला दिशा देणारा साचा) असेल तर मात्र रेझिनच, तेही वैद्यकीय वापराचं, आणि निर्जंतुकीकरण उत्पादकाने लिहिलेल्या तापमानालाच.