येऊरचा बंगला: भाडं वेगळं, गॅस वेगळा

ठाण्यातला उपवन तलाव मागे टाकून येऊरची चढण लागली की हवा बदलते, त्यात वादच नाही. पण आम्ही 14000 रुपये हवेचे नव्हते दिले.

आखाड संपायच्या आत एकदा सगळ्यांनी जमायचं ठरलं. दीर-जाऊ नाशिकहून येणार, सासूबाईंना लांबचा प्रवास झेपत नाही, म्हणून लोणावळा सोडून येऊर. फोटोतला निळाशार स्विमिंग पूल प्रत्यक्षात हिरवागार. ‘ताई, औषध टाकलंय, उद्या साफ होईल,’ इति केअरटेकर. उद्या अकराला आमचं चेकआउट!

जाहिरातीत ‘स्वयंपाकाची पूर्ण सोय’ असं लिहिलंय. शेगडी आहे, पण सिलिंडर कुलपात. चावीचे 500 वेगळे. भांड्यांत कान हलणारी कढई आणि शिट्टी नसलेला कुकर. कप भरपूर, गाळणी नाही. जाऊबाईंनी शेवटी कोरा रुमाल काढला आणि त्यातून चहा गाळला. चहा बरा झाला, रुमाल गेला. मग आम्ही स्वयंपाकाचा नादच सोडला. केअरटेकरच्या बायकोने तांदळाच्या भाकऱ्या आणि कोंबडीचा रस्सा करून दिला, तो मात्र फक्कड. तिचे पैसे तिला वेगळे दिले आणि ते अजिबात जड गेले नाहीत.

गाद्या दमट. पावसाळ्यात ओल येते हे मलाही कळतं, पण चादरी तरी वाळलेल्या द्या की! रात्री लाइट गेली. इन्व्हर्टरवर हॉलमधला एकच पंखा, त्यामुळे तीन बेडरूमचं भाडं भरून सगळे हॉलमध्ये ओळीने झोपलो. झोपलो म्हणजे आडवे झालो. शेजारच्या बंगल्यात साडेबारापर्यंत डीजे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल, बिबट्यांचा इलाका, आणि तिथे हा धिंगाणा! दहानंतर स्पीकर बंद हा नियम केअरटेकरला पाठ होता, पण ‘ते शेठच्या ओळखीचे आहेत’ म्हणून तो गप्प.

निघताना डिपॉझिटमधून 800 कापले. कारण काय, तर टॉवेलवर मेंदीचा डाग. आमच्यात एकीच्याही हाताला मेंदी नव्हती. हात दाखवले, तरी पठ्ठ्या ऐकेना. मालक फोनवर अगदी साखर पेरत बोलले, ‘पुढच्या वेळी डिस्काउंट देतो ना.’ पुढची वेळ कसली! 800 परत मागितले आहेत. व्हॉट्सॲपवर निळ्या टिका येतात, उत्तर नाही.