रीमॅपच्या नावाखाली ४२,००० गेले, वजनाचा आकडा बघत जा

गाडी पोलो जीटी टीएसआय, १.२ लिटरवाली, कंपनीचा पॉवरचा आकडा १०५ पीएस, म्हणजे जवळपास तेवढेच एचपी. एका ट्यूनरने स्टेज वन रीमॅपचे (पॉवर वाढवायला इंजिनच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलणं) ३५,००० आणि एअर फिल्टरचे ७,००० घेतले, त्यातले ५,००० यूपीआयने, बाकी रोख, बिल नाही. पॉवर मोजायचं मशीन म्हणजे डायनो, त्यावर गाडी लावायची तर म्हणे, "दादा, डायनोचा खर्च कशाला, ड्रॅगच्या टायमिंगवरून पॉवर दाखवतो की." चाकण एमआयडीसीत पहाटे मोकळ्या रस्त्यावर जीपीएस लावून ड्रॅग म्हणजे थांबलेल्या गाडीपासून सरळ ४०२ मीटर मारले, टाइम १७ सेकंद, आणि त्याच्या मोबाईलवर १४२ एचपी!

डोकं फिरतं ते यासाठी की तो स्क्रीन माझ्यासमोर होता. वजनाच्या रकान्यात १६००. पोलो, आत मी एकटा, डिकी रिकामी, १६०० किलो कुठून येणार? पण तो लगेच खाली सरकवून १४२ दाखवायला लागला, वर दुसऱ्या गाड्यांचे व्हिडिओ, अशा वेळी कोण आकडेमोड करत बसतं सांगा.

टायमिंगवरून पॉवर काढायचं नेहमीचं सूत्र असं, सेकंदांना ५.८२५ ने भागा, उत्तराचा घन करा, त्याने वजनाला भागा, वजन पौंडात आणि ड्रायव्हरसकट. नंतर गाडी वजनकाट्यावर घातली, पावती ११९० किलो, म्हणजे २६२३ पौंड. उत्तर येतं १०५! म्हणजे गाडी होती तिथेच. खरंच १४२ असते तर १५.४ सेकंदात गेली असती. लाँच, म्हणजे सुरुवातीचा उठाव, चुकला तर थोडं इकडेतिकडे होतं, ३७ एचपी नाही होत. आणि रीमॅपच्या आधीचा रन घेतल्याशिवाय कोणालाही पैसे देऊ नका, माझा त्याने मुद्दाम टाळला.

पोलीस चौकीत दोन तास बसवलं आणि म्हणे पिकअप कमी आहे म्हणून काय गुन्हा नोंदवायचा, हे दिवाणी प्रकरण आहे. अहो खोटा आकडा दाखवून पैसे घेतले, जुनं ४२०, आताचं कलम ३१८, ते कशासाठी आहे मग? उलट मलाच दम, गाडीत बदल केलाय, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ लावू का. फसवणारा मोकळा आणि तक्रार करणारा आरोपी! ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर फोन केला तर पहिला प्रश्न बिल आहे का. म्हणून सांगतो, १८ टक्के जीएसटी गेला तरी चालेल, बिल घ्या, रोख देऊ नका.

त्याने नंबर ब्लॉक केलाय. काट्याची पावती, यूपीआयची नोंद आणि स्क्रीनचा फोटो जोडून लेखी अर्ज दिलाय, पोच घेतलीय. चाकण-तळेगाव भागात अजून कोणाला असाच १६०० चा आकडा दाखवला असेल तर कळवा, तक्रारी एकत्र देऊ.