टॉर ब्राउझर: वाचनासाठी भरवशाचा, सर्व कामांसाठी नव्हे

गप्पांच्या एखाद्या ऑनलाइन गटात वाद रंगला की कोणीतरी "तुझा आयपी काढलाय, आता घरीच येतो" अशी थट्टा करतो, आणि नवख्या सभासदाला ती खरी वाटून तो घाबरून जातो. वास्तविक आयपी पत्त्यावरून, म्हणजे आपल्या इंटरनेट जोडणीला मिळालेल्या क्रमांकावरून, परक्या माणसाला सहसा इंटरनेट पुरवणारी कंपनी आणि ढोबळ परिसर एवढेच कळते. मोबाइल इंटरनेटवर तर एकाच पत्त्यामागे अनेक ग्राहक असतात. परंतु आपण उघडलेल्या संकेतस्थळाला तो पत्ता दिसतोच, आणि इन्कॉग्निटो खिडकीने त्यात काहीही फरक पडत नाही, कारण ती आपल्या यंत्रावर इतिहास साठवत नाही, एवढेच. ही उणीव भरून काढण्यासाठी मी संकेतस्थळापासून आपला आयपी पत्ता लपवणारा टॉर ब्राउझर वापरतो.

यामागची कल्पना 1990 च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत आकाराला आली. 2006 पासून टॉर प्रोजेक्ट ही ना-नफा संस्था हे काम पाहते आणि ब्राउझर मोफत मिळतो. पान उघडण्याची आपली मागणी तीन सर्व्हरांमधून जाते: पहिल्याला आपण कोण हे कळते पण कोठे जात आहोत हे कळत नाही, आणि शेवटच्याला नेमके उलट. त्यामुळे कोणा एकावर सगळा विश्वास टाकावा लागत नाही. व्हीपीएनमध्ये, म्हणजे आपली सगळी ये-जा एकाच कंपनीच्या सर्व्हरमधून नेणाऱ्या सेवेत, तो विश्वास एकाच कंपनीवर असतो, आणि ग्राहकांची माहिती पाच वर्षे जपून ठेवण्याचा निर्देश सर्ट-इन या भारत सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने 2022 मध्ये दिल्यावर काही व्हीपीएन कंपन्यांनी भारतातले सर्व्हर हलवले, हे विसरता येत नाही.

मला सर्वाधिक आवडते ती त्याची बारीकसारीक दक्षता. खिडकी मोठी केली की पानाभोवती रिकामी पट्टी उरते. अनेकांना तो दोष वाटतो, पण पडद्याच्या नेमक्या मापावरून वापरकर्ता ओळखला जाऊ नये म्हणून ती मुद्दाम ठेवलेली आहे. याच कारणासाठी त्यात वेगळी एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायची छोटी पूरक साधने) टाकू नयेत.

वेग मात्र कमी आहे, आपण यंत्र नसून माणूस आहोत हे सिद्ध करायला लावणारे कॅप्चा वारंवार येतात, आणि परदेशातून आल्यासारखे दिसत असल्याने बँकेचे व्यवहार अडू शकतात. ते नेहमीच्या ब्राउझरमध्येच करावेत. स्वतःच्या नावाच्या खात्यात लॉगिन केले, तर त्या संकेतस्थळापुरती ओळख आपणच उघड करतो.

याहून महत्त्वाची मर्यादा अशी की आपण टॉर वापरत आहोत, ही गोष्ट इंटरनेट पुरवणाऱ्याला सहसा कळते. 2013 मध्ये हार्वर्डच्या एका विद्यार्थ्याने परीक्षा टाळण्यासाठी टॉरमधून बॉम्बची खोटी धमकी पाठवली. त्याने विद्यापीठाचेच वायफाय वापरले होते, त्या सुमारास टॉरला कोण जोडले होते हे नोंदींत सापडले, आणि चौकशीत त्याने कबुली दिली. टॉरचे कवच तेथे फुटले नव्हते. एवढ्या थोड्या वापरकर्त्यांत त्याला शोधणे सोपे होते, इतकेच.

आजार, कायदा किंवा राजकारण यांविषयी निवांतपणे वाचू इच्छिणाऱ्या प्रत्येकाला मी हा ब्राउझर मनापासून सुचवेन. तो प्रकल्पाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवून घ्यावा. अँड्रॉइडवर अधिकृत आवृत्ती आहे. आयफोनवर ती नाही, तेथे प्रकल्पानेच सुचवलेला अनियन ब्राउझर घ्यावा, मात्र त्याचे संरक्षण याच्या तोडीचे नाही.