१५ इनिंगची मॅच आणि १२ रकाने: माझ्या बेसबॉल स्कोअरबुकचा रिव्ह्यू

आज १२ फेब्रुवारी, म्हणजे ४२. सकाळी उठल्या उठल्या लेकीचा पहिला प्रश्न, "बाबा, आज कोण?" आमच्याकडे बेसबॉलच्या ओपनिंग डेचं, म्हणजे सीझनच्या पहिल्या दिवसाचं, काउंटडाउन जर्सी नंबरांवर चालतं, जितके दिवस राहिले तितक्या नंबरचा खेळाडू त्या दिवसाचा मानकरी. ५१ ला इचिरो झाला, परवा ४४ ला हुलिओ रॉड्रिगेज, आणि आज मेजर लीगमधली वर्णभेदाची भिंत तोडणारा जॅकी रॉबिन्सन, ज्याचा ४२ नंबर १९९७ पासून सगळ्याच टीमनी कायमचा बाजूला ठेवलाय. सीझन तसा २५ मार्चच्या रात्री यांकीज आणि जायंट्सच्या गेमनं उघडतोय पण आमचे सिअ‍ॅटल मरिनर्स २६ ला उतरणार म्हणून आम्ही २६ पासून उलटे मोजतो.

आता रिव्ह्यू ज्या गोष्टीचा आहे ती. स्कोअरबुक. स्पायरल बाइंडिंग, १०० गेम मावतील इतकी पानं, प्रत्येक टीमला एक पान, म्हणजे पुस्तक उघडलं की डावीकडे पाहुणे आणि उजवीकडे घरचे. असली पुस्तकं बरेच जण छापतात आणि आतली आखणी थोड्याफार फरकानं सारखीच असते, त्यामुळे ब्रँडपेक्षा घेताना काय बघायचं ते सांगतो, ते जास्त उपयोगी पडेल.

मी हे नोव्हेंबरात घेतलं. २० ऑक्टोबर २०२५ ला टोरांटोत ब्लू जेजविरुद्ध अमेरिकन लीगच्या फायनलची सातवी, निर्णायक गेम हरलो आपण, ३-१ नं पुढे होतो, सातव्या इनिंगमध्ये त्यांच्या जॉर्ज स्प्रिंगरनं तीन रनांचा होमर (बॉल थेट कुंपणापलीकडे) मारला आणि ४-३ नं संपलं सगळं. वर्ल्ड सिरीज, म्हणजे सीझनची शेवटची मोठी मालिका, आठ आउटवर आली होती. १९७७ पासूनची टीम आणि आत्ता खेळणाऱ्या टीमपैकी वर्ल्ड सिरीज एकदाही न खेळलेली एकटी. तिथून २६ मार्चपर्यंत १५७ दिवस. एवढे दिवस नुसते हायलाइट्स बघून निघत नाहीत, मी आधी दोन हिवाळे तसे काढलेत. यावेळी ठरवलं की जुन्या पूर्ण गेम्स लावायच्या आणि पहिल्या पिचपासून हातानं स्कोअर करायच्या. आत्तापर्यंत १४ झाल्या.

ज्यांनी कधी क्रिकेटचं स्कोअरबुक भरलंय त्यांचा हात यावर पटकन बसेल. बोलरच्या चौकोनात टिंबं घालायची, मेडन पडली की ती टिंबं जोडून एम काढायचा, तोच हिशेबी स्वभाव इथेही लागतो. आणि हे उगाच नाही. बेसबॉलचा बॉक्स स्कोअर (गेमचा आकड्यांचा तक्ता) रुळवणारा हेन्री चॅडविक हा इंग्लंडात जन्मलेला, अमेरिकेत येऊन आधी क्रिकेटच्या बातम्या देणारा वार्ताहर होता. १८५९ मध्ये त्यानं क्रिकेटच्या धावफलकावरून बेसबॉलचा तक्ता बसवला. स्ट्राइकआउटला (तीन स्ट्राइक होऊन बॅटर आउट) के लिहायची पद्धतही त्याचीच, कारण 'स्ट्रक' शब्दातलं शेवटचं अक्षर के, एस आधीच दुसरीकडे वापरलेलं. हे मला कळलं तेव्हा खूप आनंद झाला, आपण लहानपणापासून ज्या कागदावर वाढलो त्याचंच हे भावंड निघालं.

नवीन लोकांसाठी थोडक्यात. मैदानावरच्या प्रत्येक जागेला नंबर असतो, पिचर १, कॅचर २, फर्स्ट बेस ३, सेकंड ४, थर्ड ५, शॉर्टस्टॉप ६, मग लेफ्ट, सेंटर, राइट ७, ८, ९. शॉर्टस्टॉपनं बॉल उचलून सेकंडला दिला आणि तिथून फर्स्टला गेला की ६-४-३, दोघं आउट. बॅट फिरवून तिसरा स्ट्राइक गेला तर सरळ के, नुसता बघत उभा राहिला तर उलटा के. एवढं पाठ झालं की दोन गेममध्ये हात चालायला लागतो, खरंच.

या पुस्तकातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे चौकोनाचा साइज. प्रत्येक चौकोनात मधे चार बेसचा डायमंड, कोपऱ्यात बॉल-स्ट्राइकसाठी छोटी घरं, आणि तरीही मधे लिहायला जागा उरते. हे महत्त्वाचं आहे कारण २०२३ पासून पिच क्लॉक आलंय, बेस रिकामे असतील तर पिचरला १५ सेकंद, कोणी बेसवर असेल तर १८. पूर्वी दोन पिचच्या मधे पेन्सिलला टोक करून व्हायचं, आता मान खाली घालून खरडलं की पुढचा पिच निसटतो. त्यामुळे बारीक चौकोनवालं स्वस्त पुस्तक घेऊ नका, डोळे आणि हात दोन्ही दुखतात.

स्पायरलही चांगली, पुस्तक मांडीवर सपाट राहतं. कागद ठीकठाक. पेननं लिहिलंत तर मागच्या पानावर उमटतं आणि मागे दुसऱ्या गेमची टीम असते, सगळा राडा. पेन्सिलच वापरा, शिस जाड असलेली, खोडावं तर लागतंच कारण एरर (फील्डरची चूक) की हिट हे अधिकृत स्कोअरर कधीकधी नंतर बदलतो. एक तक्रार मात्र पक्की आहे, छापलेला डायमंड फार गडद आहे. रनर कुठपर्यंत पोचला ते आपण त्याच रेघांवर गिरवतो ना, मग आपली रेघ आणि छापलेली रेघ वेगळी दिसतच नाही. मी आता लाल पेन्सिलनं गिरवतो. फिकट करड्या रंगात छापायला हवा होता, एवढी साधी गोष्ट.

पण पुस्तकाची खरी परीक्षा झाली ती १० ऑक्टोबर २०२५ च्या गेमवर. डेट्रॉइट टायगर्सविरुद्ध पाचवी, जिंकेल तो पुढे हरेल तो घरी. लाइव्ह बघितली होती तेव्हा मी नुसता फेऱ्या मारत होतो, हातात काही नव्हतं. डिसेंबरात परत लावली आणि पेन्सिल घेऊन बसलो. टायगर्सचा पिचर तारिक स्कूबलनं ६ इनिंगमध्ये १३ स्ट्राइकआउट घेतले, त्यातले ७ सलग, पोस्टसीझनमधला (सीझननंतरच्या बाद फेऱ्यांमधला) विक्रम, आणि ते कागदावर कसं दिसतं माहितीये का, बॅटर खाली खाली सरकतो आणि इनिंग बदलली की रकाना उजवीकडे, त्यामुळे सात के पायऱ्यांसारखे उतरत जातात. लाइव्ह बघताना मला फक्त भीती वाटलेली. कागदावर पहिल्यांदा त्याचं पिचिंग दिसलं, आपल्याविरुद्ध असलं तरी सुंदर होतं.

स्कूबल गेल्यावर सातव्यात आपला लिओ रिवास पिंच हिटर (बदली बॅटर) म्हणून आला, त्या दिवशी त्याचा वाढदिवस होता, आणि त्यानं सिंगल (फर्स्ट बेसपर्यंतचा हिट) मारून २-२ केलं. आणि मग आठव्यापासून चौदाव्यापर्यंत कोणालाच एकही रन नाही. इथे पुस्तक संपलं. एका इनिंगला एक रकाना, आणि रकाने १२ च. तेराव्या इनिंगला मला पुढचं पान उघडून सगळी लाइनअप पुन्हा लिहावी लागली, बदली खेळाडूंसकट, व्हिडिओ पॉझ करून. पिचरसाठी खाली ५ ओळी आहेत, त्या रात्री दोन्हीकडे त्याहून जास्त पिचर लागले, आपल्याकडून तर लोगन गिल्बर्ट आणि लुइस कास्तिओ हे एरवी गेम सुरू करणारे पिचर मधेच बदली म्हणून आले, त्यांची नावं मार्जिनमध्ये आडवी लिहिलीयत. पोस्टसीझनमध्ये एक्स्ट्रा इनिंगला सेकंड बेसवर फुकटचा रनर ठेवत नाहीत, गेम कितीही लांबते, आणि ज्या गेम जपून ठेवाव्याशा वाटतात त्या नेमक्या याच. छापणाऱ्यांनी १५ रकाने द्यायला काय हरकत होती? शेवटी पंधराव्यात होर्हे पोलान्कोचा सिंगल, जे. पी. क्रॉफर्ड होमला, ३-२. तो डायमंड मी पूर्ण लाल भरला. पोलान्को आता मेट्सकडे गेला पण तो चौकोन माझ्याकडे आहे.

नवीन सीझनसाठी अजून एक उणीव. २०२६ पासून अंपायरच्या बॉल-स्ट्राइकच्या निर्णयावर चॅलेंज येतंय, बॅटर, पिचर किंवा कॅचर डोक्याला हात लावून मागणार, टीमला सुरुवातीला दोन, बरोबर निघालं तर शाबूत. याची नोंद करायला पुस्तकात घरच नाही, अर्थात छापलं तेव्हा नियम आलेला नसणार, त्याचा दोष देत नाही. मी पानाच्या वर दोन गोल काढून ठेवायचं ठरवलंय, चुकलं की एक गोल काट. कॅल रॉलीसारखा कॅचर असला की हे चॅलेंज किती वेळा आणि कधी मागतो ते मला कागदावर बघायचंय. गेल्या सीझनमध्ये त्यानं ६० होमर मारले, एवढे कुठल्याच कॅचरनं मारले नव्हते, आणि सगळं लक्ष बॅटकडे गेलं, त्याचं कॅचिंग बघायचं राहून गेलं असं वाटतं. त्याच्या २९ नंबरचा दिवस आमच्याकडे २५ फेब्रुवारीला.

टोरांटोची सातवी गेमही केली. ती सगळ्यात शेवटी, गेल्या रविवारी, खूप दिवस टाळत होतो. सातव्या इनिंगचा स्प्रिंगरचा चौकोन येईपर्यंत नीट लिहिलं, तिथे थांबलो, पाणी पिऊन आलो, मग भरला. त्यांच्या पानावर त्यांचाही डायमंड लालच भरला, नियम सगळ्यांना एक. शेवटचा आउट हुलिओ, बॅट फिरवली, सरळ के. लेक शेजारी बसली होती, म्हणाली "उलटा नाहीये ना बाबा, मारायला गेला होता तो." हो, गेला होता.

घ्यायचं का? घ्या. गेम नुसती बघणं आणि लिहून बघणं यात खूप फरक पडतो, कोणता रनर कुठे होता हे आता मला विचारावं लागत नाही. फक्त दुकानात असेल तर एक पान उघडून रकाने मोजा, डायमंडचा रंग बघा, ऑनलाइन असेल तर आतल्या पानाचा फोटो असल्याशिवाय घेऊ नका. ५ पैकी ४ देतो, तो एक रकान्यांसाठी कापला.

१५ वी गेम २६ मार्चची. पानावर तारीख टाकून झाली, वर दोन गोल काढून झाले, लाइनअपच्या नऊ ओळी कोऱ्या आहेत. उद्या ४१, त्या नंबराचा मानकरी लेक आत्तापासून शोधत बसलीये.