स्मोक ऑन द वॉटर बाद: ब्रिटिश हार्ड रॉकची मागे पडलेली गाणी, काही महिने ऐकल्यानंतर

प्लेलिस्ट बनवताना नियम एकच, गिटार क्लासला गेलेला प्रत्येक पोरगा जे पहिल्या महिन्यात वाजवतो ते बाद. म्हणजे डीप पर्पलचं स्मोक ऑन द वॉटर, ब्लॅक सॅबथचं पॅरानॉइड, लेड झेपलिनचं स्टेअरवे, सगळी बाहेर. जे उरलं त्यातलं निम्मं एव्हाना डिलीट झालंय, पण जे टिकलंय ना ते जाम टिकलंय.

सगळ्यात जास्त वाजलेलं गाणं डीप पर्पलचं पिक्चर्स ऑफ होम. अल्बम स्मोक ऑन द वॉटरवालाच, मशीन हेड, 1972. स्वित्झर्लंडमधल्या माँत्रोचा कॅसिनो जळाला आणि त्यावर स्मोक ऑन द वॉटर झालं ही स्टोरी सगळ्यांना पाठ आहे, पण त्यानंतर तिथल्याच बंद पडलेल्या ग्रँड हॉटेलच्या पॅसेजमध्ये गाद्या उभ्या करून जे रेकॉर्डिंग झालं त्यात हे पण होतं हे कोणाच्या लक्षातच नसतं. सुरुवातीला पेसचे ड्रम्स, मग रिफ, म्हणजे गिटारचा पुन्हा पुन्हा येणारा तुकडा, आणि पुढे चक्क रॉजर ग्लोव्हरचा बेस सोलो, पर्पलमध्ये एरवी ब्लॅकमोरची गिटार आणि लॉर्डचा ऑर्गन यांच्या जुगलबंदीत बेसवाल्याला कोण विचारतो! फोनच्या स्पीकरवर ऐकलंत तर हा सोलो गायब, त्यामुळे चांगले हेडफोन मस्ट. मी लोकलमध्ये इअरफोन लावून ट्राय केलं, डब्याच्या खडखडाटात बेसचं पार वाटोळं.

त्याच सेशनमधलं व्हेन अ ब्लाइंड मॅन क्राइज तर अल्बमवर घेतलंच नव्हतं, नेव्हर बिफोर या सिंगलच्या मागच्या बाजूला ढकललं, कारण ब्लॅकमोरला ते आवडायचं नाही म्हणे. संथ गाणं, गायक गिलन एकदाही ओरडत नाही. आता नव्या एडिशन्समध्ये बोनस म्हणून मिळतं.

झेपलिनमध्ये माझा कौल फॉर युअर लाइफला. प्रेझेन्स अल्बम (1976) एकूणच बिचारा दुर्लक्षित. अ‍ॅक्सिडेंटमुळे गायक प्लँट व्हीलचेअरवर, म्युनिकमध्ये जेमतेम अठरा दिवसांत सगळं उरकलेलं, कीबोर्ड औषधालाही नाही. गाणं सुरुवातीला अडखळल्यासारखं वाटतं, दोन-तीन वेळा मी पुढे ढकललं पण, मग ते ड्रमर बोनहॅमचं थांबून थांबून मारणं एकदा डोक्यात बसलं की संपलं. स्टेजवर हे पहिल्यांदा वाजलं थेट 2007 मध्ये, लंडनच्या ओटू अरेनात, तेव्हा बोनहॅमच्या जागी त्याचा मुलगा जेसन होता.

आणि हे आपल्या लोकांना माहीतच नसतं: 1972 मध्ये झेपलिनचा गिटारिस्ट पेज आणि प्लँटनी मुंबईत इथल्या वादकांना घेऊन फ्रेंड्स आणि फोर स्टिक्स रेकॉर्ड केलं होतं. रीतसर बाहेर यायला 2015 उजाडलं, झेपलिनच्याच कोडा अल्बमच्या डिलक्स एडिशनमध्ये. मूळ फोर स्टिक्समध्ये बोनहॅम दोन्ही हातांत दोन-दोन काठ्या घेऊन वाजवतो, तो वेडावाकडा ठेका इथे तबल्यावर येतो. एकदम पॉलिश वगैरे नाहीये, तालीम चालू असताना दारातून ऐकल्यासारखं आहे, मला तरी तेच आवडलं.

सॅबथचं मेगालोमॅनिया (सॅबोटाज, 1975) जवळपास दहा मिनिटांचं. पहिला भाग कण्हत कण्हत जातो आणि मग गिटारिस्ट आयोमी गिअर बदलतो, तो क्षण कितीही वेळा ऐका, मान हलतेच. तेव्हा जुन्या मॅनेजरशी कोर्टकचेरी चालू होती आणि तो वैताग अख्ख्या अल्बमभर आहे, शेवटचं द रिट तर सरळसरळ त्यावरच.

बजी म्हणजे कार्डिफचे तिघं, मेटालिका या अमेरिकन बँडने त्यांचं ब्रेडफॅन वाजवलं म्हणून नाव माहीत असतं, पण त्याच 1973 च्या अल्बममधलं पेरेंट्स ऐका. लहानपणी आईबाप देतात त्या सूचनांवरचं गाणं, आणि गिटार शेवटी अक्षरशः रडते.

आता नावडतं. युराया हीपचं सॉल्सबरी, सोळा मिनिटं आणि वर ऑर्केस्ट्रा. खूप जणांचं लाडकं आहे, पण माझ्याच्याने नाही झालं बाबा, ब्रास वाजायला लागला की जुन्या पिक्चरची टायटल्स चालू झाल्यासारखं वाटतं. दुर्लक्षित आहे म्हणजे भारीच असेल असं काही नसतं.

अजून एक वैताग, अ‍ॅपवर एकाच गाण्याच्या चार-चार आवृत्त्या, रीमास्टर, रीमिक्स, लाइव्ह, आणि शफल लावलं की नेमकी नको ती वाजते. मशीन हेडच्या 1997 च्या एडिशनमध्ये तर ग्लोव्हरने स्वतः केलेली रीमिक्सची वेगळी डिस्कच आहे, ती आधी ऐकू नका, मूळ मिक्स कानात बसू दे मग मजा येते. नवीन माणसाने सुरुवात पिक्चर्स ऑफ होमने करावी, मेगालोमॅनिया नंतर, आणि सॉल्सबरी तुमच्या जबाबदारीवर.