चाळीस लाख सह्या आणि पंचवीस पौंडांचे मत : ब्रिटनच्या ई-याचिका सेवेचे परीक्षण

ब्रिटिश संसदेच्या ई-याचिका संकेतस्थळाचे परीक्षण करायचे, तर ते २४ जून २०१६ या दिवसापासूनच करायला हवे, कारण त्या दिवशी या सेवेवर जेवढा ताण आला तेवढा तिच्या रचनाकारांनी बहुधा गृहीतच धरलेला नव्हता. आदल्या दिवशीच्या सार्वमतात ५१.९ टक्के मतदारांनी युरोपीय महासंघातून बाहेर पडण्याचा आणि ४८.१ टक्के मतदारांनी आत राहण्याचा कौल दिला होता. पहाटे पौंड १९८५ नंतरच्या नीचांकाला गेला, सकाळी पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांनी राजीनाम्याची घोषणा केली, आणि मतदानापर्यंत जेमतेम वीस-बावीस सह्या मिळालेल्या, पुन्हा सार्वमत घ्या असे म्हणणाऱ्या एका याचिकेवर लोक असे तुटून पडले की संकेतस्थळ काही काळ बंद पडले. त्याच महिन्यात, ७ जूनच्या रात्री, मतदार नोंदणीचे सरकारी संकेतस्थळही शेवटच्या घटकेला कोलमडले होते आणि नोंदणीची मुदत दोन दिवसांनी वाढवण्यासाठी घाईघाईने कायदेशीर तरतूद करावी लागली होती. त्या मानाने याचिकांचे संकेतस्थळ लवकर सावरले, हे नोंदवायला हवे.

ही सेवा सरकार आणि हाउस ऑफ कॉमन्स यांनी जुलै २०१५ मध्ये संयुक्तपणे सुरू केली. वापर अगदी सोपा आहे. नाव, ईमेल आणि पोस्टकोड द्यायचा, आपण ब्रिटिश नागरिक किंवा ब्रिटनचे रहिवासी असल्याच्या चौकटीत खूण करायची, आणि मग ईमेलवर आलेल्या दुव्यावर जाऊन सही पक्की करायची. ती पक्की केल्याशिवाय मोजणीत धरली जात नाही. यातील ‘रहिवासी’ हा शब्द त्या दिवसांत फार महत्त्वाचा ठरला. सार्वमतात ब्रिटनमध्ये राहणाऱ्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना मताधिकार होता, त्यामुळे भारतीय पासपोर्टवर लेस्टरला नोकरी करणारा मराठी अभियंता मत देऊ शकत होता. पण त्याच्या शेजारी वीस वर्षे राहणाऱ्या पोलिश किंवा फ्रेंच माणसाला, ज्याच्या भवितव्याचा प्रश्न होता त्यालाच, मत नव्हते. आयर्लंड, माल्टा आणि सायप्रस या देशांचे नागरिक वगळता युरोपीय रहिवाशांना सार्वमताचे दार बंद होते आणि याचिकेचे मात्र उघडे होते. सरकारने सह्यांकडे पुढे ज्या थंडपणाने पाहिले, त्यामागे हे एक कारण असणार असे मला वाटते. सह्यांचा समुदाय आणि मतदारांचा समुदाय एकच नव्हता, आणि संकेतस्थळ तो फरक कोठेही ठळकपणे दाखवत नाही.

याचिकेचा मजकूर हा या सेवेच्या उणिवांचा उत्तम नमुना आहे. जिंकणाऱ्या बाजूला ६० टक्क्यांपेक्षा कमी मते मिळाली आणि मतदान ७५ टक्क्यांपेक्षा कमी झाले, तर पुन्हा सार्वमत घ्यावे, असा नियम करण्याची मागणी तीत होती. प्रत्यक्ष मतदान ७२.२ टक्के झाल्याने दोन्ही अटी लागू पडत होत्या. गंमत अशी, की ही याचिका मे महिन्यात, म्हणजे निकालापूर्वी, महासंघातून बाहेर पडण्याच्या एका समर्थकानेच आपली बाजू हरणार या भीतीने दाखल केली होती. निकालानंतर ती त्याच्या विरोधकांच्या हाती गेली, आणि एकदा प्रसिद्ध झालेल्या याचिकेचा मजकूर बदलता येत नसल्याने तो बिचारा स्वतःच्याच नावाखाली वाढणारा आकडा पाहत राहिला. सामना संपल्यावर नियम बदलायची मागणी म्हणजे वरातीमागून घोडे, हे सही करणाऱ्यांपैकी अनेकांना कळत असणार. तरीही त्यांनी सही केली, कारण त्या दिवशी घरबसल्या करता येण्यासारखे दुसरे काहीच त्यांच्या हातात नव्हते. सेवेची लोकप्रियता तिच्या परिणामकारकतेची खूण मानू नये, एवढेच यावरून म्हणता येते.

खोट्या सह्यांच्या बाबतीत सेवेला मी अर्धेच गुण देईन. ओळखपत्राची पडताळणी नाही, पोस्टकोड कोणाचाही टाकता येतो, आणि ईमेल पत्ते हवे तेवढे काढता येतात. दोनच दिवसांत सुमारे ७७,००० सह्या बनावट ठरवून काढून टाकाव्या लागल्या. ज्या व्हॅटिकन सिटीची लोकसंख्या हजाराच्या आसपास आहे, तिथून ३९ हजारांवर सह्या आल्याचे दिसत होते. पण ही लबाडी बाहेरच्या लोकांना सापडली ती याच सेवेच्या एका चांगल्या गुणामुळे: प्रत्येक याचिकेची देशवार आणि मतदारसंघवार आकडेवारी कोणालाही उतरवून घेता येते. सह्या काढून टाकल्याचे याचिका समितीच्या अध्यक्ष हेलन जोन्स यांनी लपवले नाही. आकडा फुगू देण्यापेक्षा तो जाहीरपणे कमी करणारी सरकारी यंत्रणा विरळाच.

सेवेतील सर्वांत सुंदर गोष्ट म्हणजे नकाशा. मतदारसंघातील सह्यांच्या संख्येनुसार रंग गडद होत जातो आणि कोणत्याही मतदारसंघावर बोट ठेवले की आकडा दिसतो. त्या याचिकेच्या नकाशात लंडन, ब्रायटन, ब्रिस्टल, केंब्रिज हे भाग गडद आहेत. तर बॉस्टनसारख्या, जिथे चारांतील तीन मतदारांनी बाहेर पडण्याच्या बाजूने मत दिले त्या, लिंकनशरच्या किनारी पट्ट्यात रंग फिका आहे. सार्वमताच्या निकालाचा नकाशा शेजारी ठेवून पाहिला की लक्षात येते, की लोकांचे मन बदलल्याचा कोणताही पुरावा या सह्यांत नव्हता. जे आत राहू इच्छित होते तेच पुन्हा एकदा आपले म्हणणे नोंदवत होते. अंतिम आकडा ४१ लाखांवर गेला. आत राहण्याच्या बाजूने पडलेली मते १ कोटी ६१ लाख होती, म्हणजे सह्या त्यांच्या चौथ्या हिश्शाहून किंचित अधिक. वर्तमानपत्रांनी ४१ लाखांचा मथळा केला आणि आंदोलकांनी त्याचे फलक केले, पण या सेवेत विरोधाची सही नसते, त्यामुळे तराजूचे दुसरे पारडे कधी दिसतच नाही. एखाद्या याचिकेला किती लोकांचा पाठिंबा आहे हे ती सांगते. तिच्याबद्दल देशाचे मत काय, हे सांगण्यासाठी ती बांधलेलीच नाही.

दिलेला शब्द मात्र सेवा पाळते. दहा हजार सह्यांना सरकारचे उत्तर आणि एक लाख सह्यांना चर्चेसाठी विचार, एवढेच तिचे आश्वासन आहे. सरकारचे उत्तर जुलैच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत आले: सार्वमताच्या कायद्यात किमान टक्केवारीची अट नव्हती, ३ कोटी ३० लाखांहून अधिक लोकांनी आपले म्हणणे मांडले आहे, आणि निर्णयाचा आदर झाला पाहिजे. चर्चा ५ सप्टेंबरला वेस्टमिन्स्टर हॉल या कॉमन्सच्या दुय्यम सभागृहात झाली आणि समितीच्या वतीने स्कॉटिश नॅशनल पार्टीचे इयन ब्लॅकफर्ड यांनी ती मांडली. या सभागृहातील चर्चा अशा ठरावावर होते की तिच्यातून सरकारवर बंधनकारक असे काहीच निघत नाही. शिवाय निकाल आणि चर्चा यांच्यामधल्या दहा आठवड्यांत पंतप्रधान बदलले, मंत्रिमंडळ बदलले आणि विरोधी पक्ष आतून फुटायला आला. ज्या जागी खरे निर्णय झाले तिथे हे संकेतस्थळ पोहोचत नव्हते, म्हणून त्याच उन्हाळ्यात नागरिकाला विकत मिळणाऱ्या इतर दोन सेवांशी त्याची तुलना करणे मला आवश्यक वाटते.

पहिली सेवा म्हणजे हुजूर पक्षाचे सदस्यत्व. तेव्हा वर्षाला २५ पौंड. नेता निवडताना खासदारांनी उमेदवारांची संख्या दोनवर आणायची आणि अंतिम निवड सदस्यांनी करायची, असा नियम. पण त्या मतासाठी सदस्यत्वाला तीन महिने झालेले असावे लागतात, म्हणजे २४ जूनला पैसे भरणाऱ्याला काहीच मिळणार नव्हते. जुन्या सदस्यांच्याही पदरात काही पडले नाही. ३० जूनला अर्ज भरण्याच्या दिवशी सकाळीच मायकल गोव्ह यांनी आपल्याच सहकाऱ्यात, बोरिस जॉन्सन यांच्यात, नेतृत्वाची क्षमता नसल्याचे जाहीर करून स्वतः उडी घेतली आणि जॉन्सन बाजूला झाले. पहिल्या फेरीत थेरेसा मे यांना १६५, अँड्रिया लेडसम यांना ६६ आणि गोव्ह यांना ४८ मते पडली. दुसऱ्या फेरीत मे १९९ वर गेल्या, लेडसम ८४ वर, आणि ४६ मते मिळवून गोव्हही बाद झाले. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ तो हा. मग आपण आई असल्यामुळे देशाच्या भविष्याशी आपले नाते अधिक घट्ट आहे, अशा अर्थाच्या मुलाखतीवरून टीकेची झोड उठल्यावर लेडसम यांनी ११ जुलैला माघार घेतली आणि १३ जुलैला मे पंतप्रधान झाल्या. दीड लाखांच्या आसपास सदस्यांना मतपत्रिका कधी मिळालीच नाही. वर्गणी भरून घेतलेल्या सेवेतील मुख्य गोष्टच ऐनवेळी रद्द झाली, आणि तीही नियमाच्या चौकटीत राहून.

दुसरी सेवा मजूर पक्षाची, आणि ती अधिक तपशिलात पाहण्यासारखी आहे, कारण गल्ला उघडा असताना नियम बदलणारे दुकान म्हणजे काय ते तिच्यातून कळते. सार्वमताच्या प्रचारात पक्षाचे नेते जेरेमी कॉर्बिन यांनी हातचे राखून काम केले असा आरोप करत त्यांच्या छायामंत्र्यांनी, म्हणजे सरकारच्या एकेका खात्यावर लक्ष ठेवणाऱ्या विरोधी पक्षाच्या प्रवक्त्यांनी, राजीनाम्यांची रांग लावली, आणि २८ जूनला पक्षाच्या खासदारांनी त्यांच्याविरुद्ध १७२ विरुद्ध ४० मतांनी अविश्वास व्यक्त केला. कॉर्बिन हटले नाहीत. १२ जुलैला राष्ट्रीय कार्यकारिणीने १८ विरुद्ध १४ मतांनी ठरवले, की विद्यमान नेत्याला खासदारांच्या शिफारशीची गरज नाही. त्याच बैठकीत हेही ठरले, की १२ जानेवारीनंतर सदस्य झालेल्यांना या निवडणुकीत मत नाही. सुमारे १ लाख ३० हजार नव्या सदस्यांचा हक्क असा गेला. ज्यांना तरीही मत हवे होते त्यांच्यासाठी ‘नोंदणीकृत समर्थक’ ही योजना होती. २०१५ मध्ये तिचे शुल्क ३ पौंड होते, आता ते २५ पौंड झाले, आणि नोंदणीची खिडकी १८ जुलैच्या संध्याकाळपासून २० जुलैच्या संध्याकाळपर्यंत फक्त ४८ तास उघडी राहिली. वर्गणी आधीच भरलेल्या सदस्याने मत मिळवण्यासाठी पुन्हा २५ पौंड मोजायचे, ही रचना कोणत्याही ग्राहक मंचासमोर टिकली नसती.

तरीही दोन दिवसांत १ लाख ८३ हजारांवर लोकांनी अर्ज केले. छाननीत अनेक गळाले. शेवटी या गटातून सुमारे १ लाख २१ हजार मते पडली. नव्या सदस्यांपैकी काही न्यायालयात गेले, ८ ऑगस्टला उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि १२ ऑगस्टला अपील न्यायालयाने तो फिरवला. शुल्क आठपट वाढवून कॉर्बिन यांचे समर्थक गाळले जातील असा ज्यांचा हिशेब होता त्यांचा तो साफ चुकला: या गटातील ७० टक्के मते कॉर्बिन यांनाच पडली, आणि २४ सप्टेंबरला लिव्हरपूल येथे ते ओवेन स्मिथ यांच्याविरुद्ध एकूण ६१.८ टक्के मतांनी निवडून आले. सेवा म्हणून ही योजना महाग, घाईची आणि अन्यायकारक होती. पण तिच्यात घेतलेली वस्तू खरी होती. २५ पौंडांत मत मिळाले, ते मोजले गेले आणि त्याने निकाल घडवला.

यूकिप, म्हणजे महासंघातून बाहेर पडण्यासाठी झगडणारा यूके इंडिपेंडन्स पक्ष, त्याच्याबद्दल थोडक्यातच. ४ जुलैला त्याचे नेते नायजेल फराज पायउतार झाले, आघाडीवर असलेले स्टीव्हन वुल्फ यांचा अर्ज १७ मिनिटे उशिरा पोहोचल्याने बाद झाला (संगणकीय अडचण आल्याचे त्यांचे म्हणणे होते), आणि निवडून आलेल्या डायान जेम्स यांनी १८ दिवसांत पद सोडले. विजयी बाजूचा पक्ष अर्जाची खिडकीही नीट चालवू शकला नाही, हे याचिकांच्या संकेतस्थळाच्या बाजूने बोलणारे आहे.

या सेवेचा पुढचा मोठा दिवस २१ मार्च २०१९ ला उजाडला. आदल्या रात्री पंतप्रधान मे यांनी महासंघातून बाहेर पडण्यास होणाऱ्या विलंबाचे खापर खासदारांवर फोडणारे भाषण केले होते आणि बाहेर पडण्याची प्रक्रियाच रद्द करा, या मागणीच्या याचिकेवर लोक पुन्हा तुटून पडले. संकेतस्थळ याही वेळी कोलमडले, म्हणजे तीन वर्षांपूर्वीच्या गर्दीतून क्षमतेबाबतचा धडा पुरता घेतला गेला नव्हता. सह्या ६१ लाखांवर गेल्या. हा या सेवेचा विक्रम ठरला. चर्चा १ एप्रिलला झाली, पुन्हा वेस्टमिन्स्टर हॉलमध्येच, आणि सरकारने पुन्हा तेच सांगितले. त्यानंतर चारच महिन्यांत मे यांच्या जागी जॉन्सन आले ते हुजूर पक्षाच्या सदस्यांच्या ९२,१५३ मतांवर. या वेळी सदस्यांपर्यंत मतपत्रिका पोहोचल्या होत्या.

म्हणून या संकेतस्थळाकडे माझी एकच मागणी आहे. सही पक्की झाल्यावर जे आभाराचे पान उघडते, त्यावर आपल्या मतदारसंघाच्या खासदाराचे नाव आणि त्याला लिहिण्याचा पत्ता ठळकपणे द्यावा, कारण ती सही ज्याच्यापर्यंत जायला हवी तो माणूस तोच आहे, आणि १९९ खासदार जेव्हा दोन दिवसांत पंतप्रधान जवळपास ठरवून टाकतात, तेव्हा सही करणाऱ्या प्रत्येकाचा पोस्टकोड, म्हणजेच त्याचा खासदार शोधण्याची किल्ली, या यंत्रणेकडे आधीपासूनच असते.