खासबागची राजाभाऊ भेळ : आमच्या दोघींचा रिव्ह्यू

कोल्हापूरला येणारे पाहुणे मिसळ खातात, तांबडा-पांढरा ओरपतात, महालक्ष्मीचं दर्शन घेऊन चप्पल घेतात आणि परत जातात. भेळ काय कुठंही मिळते म्हणतात. मिळते हो, पण खासबागला राजाभाऊची मिळते तशी नाही मिळत, आणि हे मी एकटी म्हणत नाही, माझी मैत्रीण तर शाळेत असल्यापासून म्हणत आली होती. खरं तर हा रिव्ह्यू तिनंच लिहायला पाहिजे होता. भेळेतलं तिला जेवढं कळायचं तेवढं मला अजून कळत नाही. ती मागच्या वर्षी गेली, म्हणून मी लिहितेय.

आधी भेळेचं. पहिल्यांदा चुरमुरे. ते कुरकुरीत नसतील तर पुढचं सगळं वाया, कितीही शेव घाला. इथले दाताखाली वाजतात. मग शेव, फरसाण, बारीक चिरलेला कांदा, टोमॅटो, कोथिंबीर, आणि चिंचेचं पाणी जे नुसतं गोड गोड नसतं, त्याला आंबटपणा आणि तिखट दोन्ही असतं. मुंबईकडं भेळेत गोड चटणी पुढं पुढं करते तसं इथं होत नाही. कैरीचा सीझन असला आणि वरनं कैरी पडली की मग काय बोलायलाच नको. कालवणारा हात भराभर चालतो आणि तो तसाच चालायला पाहिजे, कारण पाणी पडल्यापासून चुरमुऱ्याची वेळ सुरू होते. भेळ हातात आली की फोटो काढत बसू नका, लगेच खा. मैत्रिणीचा नियमच होता, भेळ खाताना बोलायचं नाही, आधी खायचं मग बोलायचं, आणि मग दोन-दोन तास बोलायचं.

आमची ओळख आठवीत झाली, हायस्कूलला, एका बाकावर. तिला गणित यायचं, मला मराठी, आणि दहावीपर्यंत आम्ही एकमेकींच्या वह्यांवरच पास झालो असं म्हटलं तरी चालेल. शाळा सुटली की मंगळवार पेठेतनं चालत घरी जायचो आणि पैसे असले की खासबागला वळायचो. एकच भेळ, दोघींत. मैदानात कुस्त्या असल्या की हलगीचा आवाज रस्त्यापर्यंत यायचा आणि ती तिथंच उभी राहून पायानं ठेका धरायची. शाहू महाराजांनी 1912 ला बांधलेलं मैदान ते, आणि शेजारी त्यांनीच 1915 ला उभं केलेलं पॅलेस थिएटर, म्हणजे आपलं केशवराव भोसले नाट्यगृह. शाळेतनं आम्हाला तिथं एक बालनाट्य बघायला नेलं होतं, ते बघून बाहेर पडल्या पडल्या ती म्हणाली, "नाटक बरं होतं, चल भेळ खाऊया." 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री नाट्यगृहाला आग लागली तेव्हा पहिला फोन तिचा आला. दोघी फोनवर रडलो. तेव्हा ती चांगलीच आजारी होती तरी तिला त्या लाकडी स्टेजचीच काळजी.

लग्न होऊन ती इचलकरंजीला गेली, मी कोल्हापुरातच राहिले. एसटीनं यायची, सीबीएसला उतरली की फोन करायची, "कुठं हैस? मी आलो बघ." महाद्वार रोडला साड्या बघायच्या, न घेता परत फिरायचं आणि मग खासबाग. दोघींना पोरं झाली, ती पोरं पण इथंच भेळ खायला शिकली.

मग तिच्या किडन्या गेल्या. आठवड्यातनं तीनदा डायलिसिस. ज्यांच्या घरात कुणी डायलिसिसवर असेल त्यांना माहितीय की जेवणातलं काय काय बंद होतं. मीठ कमी, टोमॅटो, बटाटा, चिंच सगळं जपून कारण पोटॅशियम वाढतं, आणि पाणीसुद्धा मोजून. म्हणजे भेळेतली जवळजवळ प्रत्येक गोष्ट. मला वाटलं आता खासबाग बंद. पण ती यायची. "खाणार न्हाई, वास तर घेतो की!" माझ्यासाठी तिखट भेळ सांगायची, स्वतःसाठी मूठभर कोरडे चुरमुरे आणि वर कांदा मागायची. एक एक चुरमुरा उचलून खायची, घाई नाही, आणि माझ्या हातातल्या भेळेकडं बघून सांगायची, आज पाणी जरा जास्त झालंय बघ, किंवा आज कोथिंबीर ताजी आहे. न खाता सांगायची आणि बरोबर असायचं. असं चुरमुरे खाताना तिला कुणी बिचारी म्हटलेलं मला चाललं नसतं. तिला त्यात मनापासून मजा यायची, मी बघितलंय.

ती गेल्यावर बरेच दिवस मी त्या बाजूला गेलेच नाही. परवा लेकीला घेऊन गेले. भेळ तशीच आहे, चव इकडची तिकडं झालेली नाही, आणि खाऊन झाल्यावर मी लेकीला मावशीच्या सगळ्या गोष्टी सांगितल्या, शाळेतल्या पण, ज्या तिनं आधी ऐकल्या नव्हत्या. हसलो पण खूप. डोळ्यात पाणी आलं ते मिरचीचं नव्हतं.

जाणाऱ्यांसाठी थोडं. संध्याकाळी गर्दी असते, रविवारी तर जास्तच, गाडी लांब लावून चालत या. तिखटाची सवय नसेल तर कालवायच्या आधीच सांगा, नंतर सांगून उपयोग नाही. पार्सल पाहिजे असेल तर चिंचेचं पाणी वेगळं बांधून घ्या आणि घरी खायच्या वेळी कालवा, नाहीतर चुरमुऱ्यांचा लगदा होतो. जमलं तर एक भेळ दोघांत घ्या आणि संपली की दुसरी घ्या, दुसरी नेहमी ताजी कालवलेली मिळते, ही पण तिचीच आयडिया.

माझ्याकडून पाचपैकी पाच. तिनं आत्ता साडेचार दिले असते, कैरी नसली की ती अर्धा कापायची.